एका पायाचं टेबल

…नाही, नाही, ते राहू द्या बाजूला, मला आधी हे सांगा, टेबल म्हणजे काय हो? अं? चार पाय आणि वर एक फळी! बरोबर की नाही? लहान पोराला पाटीवर टेबल काढ म्हणा, वर एक आडवी रेघ, खाली उभ्या चार, झालं टेबल! आमच्या म्युनिसिपालटीच्या कचेरीत तसली टेबलं आहेत, माझा जन्म गेला त्यांच्यामागे बसून, एकानं कधी दगा दिला नाही. आणि मी, ह्या यज्ञेश्वरानं, सदर बझारातून थेट दक्षिण कसब्यापर्यंत टांग्यात घालून, अख्ख्या गावाच्या देखत जे टेबल घरी आणलं, त्याला पाय किती? एक! एक हो, एक! हसा, हसा. तुम्हाला हसायला काय जातंय?

आता तुम्ही म्हणाल, पंत, मुळात तुम्हाला टेबल हवं कशाला? बापजादे पाटावर बसून जेवले, तुम्हालाच कुठून ही साहेबी सुचली? अहो, तेच तर सांगतोय की! मला कसली आलीय हौस? हे सगळं केलं ते बसलिंगप्पांसाठी.

बसलिंगप्पा ठाऊक नाहीत? बाळीवेशीत सुताचं दुकान आहे बघा, गादीवर एक धिप्पाड गृहस्थ बसलेले असतात, डोक्याला पटका, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि हसले की दुकानातली सुताची बंडलं हलतात… तेच ते. माझे मित्र. मित्र म्हणजे कसे, तर मिलचा संध्याकाळचा भोंगा झाला की मी कचेरीतून निघणार, ते दुकानातून, सिद्धेश्वराच्या तळ्याला एक फेरी, मग कट्टा. मी बोलणार, ते हसणार. ते बोलणार, मी भांडणार. ह्या मिशा काळ्या होत्या तेव्हापासून चाललंय हे. मी विषमज्वरानं पडलो होतो ना, तेव्हा हा माणूस रोज, रोज हो, दारात येऊन उभा. ‘येन्री पंत, कसं हाय आज?’ आत मात्र यायचे नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच. आणि का? तर आत आलं की बसा म्हणावं लागतं, बसलं की काहीतरी घ्या म्हणावं लागतं, आणि घ्या म्हटलं की… तिथंच सगळं घोडं अडतं!

कारण आमच्या घरचं शिजलेलं त्यांना चालत नाही आणि त्यांच्या घरचं शिजलेलं आम्हाला चालत नाही. बरं, मांसमच्छी आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे तर नावही काढायचं नाही. आम्हीही शुद्ध, तेही शुद्ध. मग अडलं कुठं? ते विचारायचं नाही! मग चालतं काय? तर केळं. केळ्याला साल असते ना, म्हणून चालतं. अहो, एवढ्या वर्षांत त्या माणसाला मी किती केळी खायला घातली असतील! माझ्या प्रभेच्या लग्नात सगळं गाव बुंदीचे लाडू हाणतंय, आणि माझा जिवाभावाचा मित्र मांडवाच्या खांबाला टेकून केळं सोलतोय! त्यांच्या मुलाच्या लग्नात तेच. पंगतीत पुरणाच्या होळग्या चालल्यात, तुपाचा वास गल्लीभर सुटलाय, आणि मी? केळं! आणि वर निघताना कोरडा शिधा हातात, ‘पंत, घरी नेऊन शिजवून खावा हं.’ आता घरी जाऊन मी माझ्याच चुलीवर शिजवलेलं खायचं, त्याला त्यांच्या लग्नाचं जेवण म्हणायचं!

एक गोष्ट तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या अक्काच्या कानावर घालू नका… स्टेशनवर आम्ही चहा प्यालोय. दोघांनी. समोरासमोर बसून. मी म्हटलं, ‘बसलिंगप्पा, हे कसं काय चालतं?’ तर म्हणाले, ‘चालतंय की पंत! हितं टेबल हाय. पंगत कुटं हाय?’

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं बघा. तिथूनच हे सगळं सुरू झालं.

तर झालं काय, यंदा गड्ड्याची जत्रा उरकली, आणि तळ्याच्या कट्ट्यावर बसलिंगप्पा म्हणतात, ‘पंत, आमी चाललो.’ म्हटलं, कुठं, अक्कलकोटला? म्हणे, ‘न्हाई, हुबळीला. कायमचं. पोरानं तितं दुकान घातलंय, सुंदरम्माला नातवंडं पायजेत. उन्हाळ्यात निघायचं.’ तळ्यात कुणीतरी म्हैस धूत होतं, तिकडं बघत बसलो दोघे. मग उठताना ते म्हणतात, अगदी सहज हो, धोतर झटकता झटकता, ‘एवढी वर्षं झाली, पंत, पण तुमच्या घरातला चहा कसा असतोय ते काय कळलं न्हाई.’

लागलं हो मला! इथं, आत लागलं. मी रस्ताभर स्वतःला शिव्या घालत घरी आलो. म्हटलं, काही होवो, हा माणूस सोलापूर सोडायच्या आधी एकदा, एकदाच, त्याला माझ्या घरात बसवीन आणि माझ्या हातानं वाढीन. नाहीतर उरलेला जन्म केळं दिसलं की माझ्या डोळ्यांना पाणी.

ठरवलं मी, पण आमच्या घरात ठरवणारा मी कोण? अक्का! अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, दुर्गाक्का. बिचारीचं लहानपणीच कपाळ फुटलं, आई लवकर गेली, तिनं मला वाढवलं. भिते मी तिला… म्हणजे भितो. बघा, नुसतं नाव काढलं तरी जीभ अडखळते! तिचं सोवळं म्हणजे काय सांगू, ती ओलेत्यानं मागच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत निघाली की माझ्या घरात मीच भिंतीला चिकटून उभा राहतो. आमची ही, गोदावरी, ती म्हणाली, ‘अहो, विचारून तर बघा. खाणार थोडीच आहेत तुम्हाला? सोवळ्यात तर मुळीच नाहीत.’

विचारलं. अक्काच्या हातात माळ. ती म्हणाली, ‘माणूस लाखाचा आहे तो, यज्ञू. पण पाटावर नाही बसवायचा. पाट मांडला की पंगत झाली.’ मी म्हटलं, ‘बरं, पाट नको. आणि टेबलावर?’

थांबली! माळ थांबली! अहो, शास्त्रात टेबल नाही ना! पाट आहे, चौरंग आहे, दर्भासन आहे, टेबल कुठाय? खूप वेळ विचार करून ती म्हणाली, ‘टेबलाचं मला ठाऊक नाही बाई. टेबल म्हणजे कचेरी. कचेरीत कोण कुणासमोर काय खातं ते मी कुठं विचारायला येते?’ सुटलो म्हणता? मीही म्हटलं, सुटलो! तेवढ्यात, ‘पण…’ आता हा अक्काचा पण. ‘पण ते टेबल माझ्या वाटेत नको. आपलं काम झालं की उचलून कडेला. आणि दुसरं, यज्ञू, ज्याच्यावर कुणी भलतंसलतं खाल्लंय असलं टेबल मी उंबऱ्याच्या आत घेणार नाही.’

ठीक आहे! टेबल म्हणजे काय, चार पाय आणि एक फळी, मिळेल की! म्हणून गेलो सदर बझारात, मीरासाबच्या वखारीत. बंगल्याबंगल्यांतले साहेब विलायतेला परत जातात ना, त्यांचं सामान हा मीरासाब लिलावात घेतो. दाढी मेंदीनं लाल, कानात अत्तराचा फाया. ‘आओ पंतसाब, बैठो. क्या होना?’ म्हटलं, टेबल. ‘हौ, टेबलां का तो समंदर है!’ आणि दाखवायला लागला. पहिलं दाखवलं ते एवढं मोठं, हिरव्या कापडाचं, वर गोट्या खेळतात म्हणे साहेब लोक. अहो, ते आमच्या घरात आलं असतं तर आम्ही सगळे त्याच्याखाली राहिलो असतो! दुसरं संगमरवरी. मला पटलं, दगड म्हणजे शुद्ध. पण उचलायला चार हमाल, आणि अक्का म्हणते काम झालं की कडेला करा! तिसरं कॅनव्हासचं, शिकारीचं. मी म्हटलं, शिकारीचं? राम राम राम, पुढं चला!

मग त्यानं कोपऱ्यातून हे काढलं. गोल. काळपट तांबूस लाकूड, आरसा झालेला नुसता. मधोमध एक खांब, खाली तीन वाघनखी पंजे. आणि पाय किती? एक! मी म्हटलं, मीरासाब, ह्याचे बाकीचे कुठायत? तर तो हसला, फळीखाली हात घातला, एक पितळेची खिट्टी ओढली, आणि अख्खी फळी अशी उभी राहिली हो! भिंतीला पाठ लावून उभी! ‘देखो, काम हुआ, खड़ा करो, कोने में रखो. फिर होना तो लिटाओ.’ फळी आडवी केली. खट्! ‘ये खट् सुना? खट् आया तो बस. फिर इस पे हाथी बिठाओ. खट् नै आया तो मक्खी भी नक्को.’

मला आवडलं. खरंच आवडलं. डोळ्यांसमोर आलं, ह्या बाजूला मी, त्या बाजूला बसलिंगप्पा, गोल आहे म्हणजे पहिला मान कुणाचा हा प्रश्नच नाही, आणि ते गेले की खटकन उभं करून कोपऱ्यात, अक्काची वाट मोकळी! मी म्हटलं, जुनं आहे का हो? बस्स! तिथं चुकलं! तो फुलला. ‘जुना? क्या पूछते पंतसाब! डेढ सौ बरस का माल! इस पे कर्नलसाब खाया, उसका बाप खाया, वो बड़ा कलेक्टरसाब तो इसपेच मुर्गी…’

तुम्हाला सांगतो, तो एकेक पिढी मागे जात होता आणि मी टेबलापासून एकेक पाऊल मागे सरत होतो. दुसऱ्या गिऱ्हाइकाला जुनं म्हटलं की किंमत वाढते, मला हिशेब दिसत होता तो कोंबड्यांचा! दीडशे वर्षं! रोजची एक धरली तरी… मी म्हटलं, मीरासाब, जरा नवं नाही का? निदान थोडं कमी जुनं? एखाद्या आजारी साहेबाचं, ज्याला पथ्य होतं?

त्यानं माझ्या कपाळावरच्या गंधाकडे पाहिलं. शेंडीकडे पाहिलं. आणि एका श्वासात, अहो एका श्वासात तो माणूस फिरला! ‘नै नै नै, वो तो दूसरा टेबल! इस पे कौन खाया? कोई नै खाया! मेमसाब थी, अकेली, बेचारी बहुत नेक. इस पे सिरफ फूलां रखती थी. कभी कभी दूध.’ म्हटलं, दूध? ‘हौ, दूध. गाय का.’

आता मला खोटं कळत नाही असं नाही. पण घ्यायचंच असलं ना माणसाला, की तो असल्या मडमेवर विश्वास ठेवतो. मी ठेवला. आणि घरी येऊन अक्काला सांगितलं, अक्का, एक विधवा मडम होती, फुलं वाहायची ह्याच्यावर. आता विधवा हे मी माझ्या पदरचं घातलं, कबूल आहे.

त्याच्या आधी टांग्यातला प्रवास ऐका. टेबल उभं, मी त्याला मिठी मारून. टिळक चौकात एकजण विचारतो, ‘पंत, ढाल कुठं घेऊन निघालात?’ दुसरा म्हणतो, ‘छत्री असेल हो, उन्हाळ्याची.’ शेजारचे वकील ओट्यावर उभे होते, चष्मा पुसून म्हणतात, ‘ह्याचे बाकीचे पाय दुसऱ्या खेपेत येणार का?’ मी मिठी आणखी घट्ट केली.

घरी आलं. अक्कानं त्याला लांबून प्रदक्षिणा घातली. वाकली. हुंगलं. ‘वास येतोय रे.’ म्हटलं, पॉलिशचा आहे. म्हणे, ‘साहेबाचा आहे.’ आणि मग जे सुरू झालं… अहो, आधी गोमूत्र. मग पाणी. मग ऊन. मग अक्का म्हणाली, वरवरचं गेलं, मुरलेलं कसं जाणार? आणि तिनं शेण कालवलं. शेण! ज्या फळीत मीरासाब आपली दाढी बघून विंचरत होता, त्या फळीला माझ्या बहिणीनं अंगणासारखं सारवलं! वरून सारवलं, पालथं करून खालून सारवलं, ‘साहेबांचे गुडघे खालीच असतात ना रे’ म्हणून! बिजागऱ्यांत शेण, पंज्यांच्या नखांत शेण, भोकाभोकांत बोट घालून शेण. आणि सोलापूरचं चैत्रातलं ऊन ठाऊक आहे ना? त्यात ते वाळत घातलं. वाळलं की धुतलं. धुतलं की पुन्हा सारवलं. मी कचेरीतून आलो की आधी त्याच्याकडे बघायचो, रोज जरा जास्त फिकट दिसायचं बिचारं. आणि एक दिवस अक्का म्हणाली, ‘झालं शुद्ध.’

मी धावत बाळीवेशीत. म्हटलं, बसलिंगप्पा, उद्या चार वाजता माझ्याकडे चहा. टेबलावर! ते इतके हसले, इतके हसले, आणि मग म्हणाले, ‘सुंदरम्माला इचारतो.’ सुंदरम्मा त्यांची बायको, म्हणजे त्यांच्याकडेही एक अक्का आहेच की! आतून निरोप आला. टेबलावर चालेल. पण भलत्यानं वापरलेलं जुनं टेबल आहे असं कळतंय, तेव्हा बसायच्या आधी त्याला विभूती लावा. आणि कागदात बांधून विभूतीची पुडी!

लावली! शेणावर विभूती, तीन पट्टे, मधोमध. आता काय राहिलं होतं त्या टेबलाचं? मुंज तेवढी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी वकिलांच्या दोन खुर्च्या आणल्या. कारण टेबल घेताना खुर्च्या लागतात हे कुणाच्या ध्यानात होतं? ओटीवर टेबल मांडलं, फळी आडवी केली. खट्? नाही आलं. पुन्हा उचलून आडवी केली. धप्प असं काहीतरी झालं. मी म्हटलं, एवढं धुतलंय, आवाज बसला असेल त्याचा. गोदावरी म्हणते, ‘अहो, हलतंय की हे.’ म्हटलं, तू गप्प बस, एका पायाचं आहे, हलणारच.

आणि चार वाजता आले हो बसलिंगप्पा! धुतलेलं धोतर, नवा पटका, उपरण्याला खास ठेवणीतला वास. उंबऱ्यापाशी थांबले. सवय ना! मी म्हटलं, ‘या की.’ त्यांनी एक पाय आत ठेवला, मग दुसरा, आणि माझी ओटी अशी बघत राहिले… भिंतीवरच्या खुंट्या, कोनाडा, दिवा, सगळं. म्हणाले, ‘दारातनं लहान दिसत हुतं.’ हात धरून खुर्चीवर बसवलं. ते तिकडं, मी इकडं. गोदावरीनं दोन बशा आणून ठेवल्या, शिरा, चिवडा, आणि कपबशांत चहा, वाफाळता. स्वयंपाकघराचं दार किलकिलं. त्याच्यामागे अक्का उभी आहे हे मला पाठीनंच कळत होतं.

त्यांनी चहाचा कप उचलला. फुंकर घातली. एक घोट घेतला. डोळे मिटले. म्हणाले, ‘वेलदोडा घालतायसा व्हय?’ अहो, एवढंच! पण मला काय वाटलं म्हणून सांगू! माझ्या घरातल्या चहात वेलदोडा असतो हे कळायला माझ्या मित्राचं अर्धं आयुष्य गेलं!

आणि मग माझं चुकलं. आग्रह! आता आपल्याकडे पाहुण्याला आग्रह केला नाही तर ते खायला घालणं कसलं? आणि मी तर सगळ्या वर्षांचा आग्रह साठवून बसलेला माणूस. शिरा वाढला. ‘साकु री पंत, साकु.’ साकु म्हणजे पुरे. मी म्हटलं, साकु कसलं, प्रभेच्या लग्नातला राहिलाय! आणखी वाढला. ‘अय्यो, बेड री, नको!’ म्हटलं, हा माझ्या तापातल्या खेपांचा. चिवड्याचा डबा त्यांच्या पुढ्यात. शेंगांचे लाडू, बशीभर, त्यांच्या पुढ्यात. तांब्या त्यांच्या पुढ्यात. माझ्या बाजूला काय? अर्धी बशी आणि कप. आणि बसलिंगप्पांनी, पुरे म्हणून, बशीवर हात आडवा धरला आणि कोपर टेकलं. ते कोपर! ते बाळीवेशीचं कोपर!

फळी निघाली हो! माझ्या बाजूनं वर, त्यांच्या बाजूनं खाली, अगदी सावकाश, मीरासाबनं दाखवली होती तशीच. शिरा गेला, चिवडा गेला, लाडू गडगडत गेले, माझी उष्टी बशी गेली, माझा उष्टा चहा गेला, त्यांचा गरम चहा गेला, सगळं त्या पांढऱ्या धोतरावर! मी पलीकडे नुसता हात पुढं करून उभा, आणि आमच्या दोघांच्या मध्ये उभी फळी, विभूतीचे तीन पट्टे त्यांच्याकडे आणि पालथी बाजू माझ्याकडे करून. दारामागनं आवाज आला, ‘हाऽऽ…’ 

म्हटलं, संपलं. एकदाच, एकदाच करायचं होतं, तेही धड जमलं नाही. माझं उष्टं त्या माणसाच्या अंगावर! आता हा उठणार, काही न बोलता जाणार, आणि उरलेला जन्म दोघांनाही हेच आठवणार.

आणि तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं. अक्का! सोवळ्यात! हातात तिची ती पाण्याची कळशी, ज्या कळशीला मी, सख्खा भाऊ, बोट लावत नाही! परक्या पुरुषासमोर कधी न आलेली माझी बहीण पळत आली, ‘भाजलं का हो? कुठं भाजलं? हलू नका, बाबा, हलू नका’ म्हणत ती कळशी तिनं त्यांच्या मांडीवर रिकामी केली. आणि आपल्या सोवळ्याच्या पदरानं, अहो पदरानं, त्यांचे हात पुसायला लागली. ‘बाई बाई बाई, लाल झालाय हात. यज्ञू, बघतोस काय? तूप आण!’

मी तूप आणलं. तिनं लावलं. फुंकर घालत होती, लहानपणी मला घालायची तशी. आणि फुंकता फुंकता एकदम थांबली. काय झालंय ते तिच्या ध्यानात आलं. तिनं पदराकडे पाहिलं, कळशीकडे पाहिलं, धरलेल्या हाताकडे पाहिलं. गोदावरीनं तर भिंतीचा आधार घेतला.

अक्का म्हणाली, ‘गोदे, पाट मांड.’

‘पाट?’

‘दोन मांड. एवढा मोठा माणूस, शिरा सगळा धोतराच्या पोटात गेला, ह्यांच्या पोटात काय गेलं? भात टाकते मी. हे चालले हुबळीला, आणि उपाशी पाठवू होय माझ्या घरातनं?’

आता बसलिंगप्पांकडे बघायची माझी छाती नव्हती. त्यांनाही त्यांचं आहेच की! टेबलावरचा चहा निराळा, पाटावरचा भात निराळा. ते ओल्या धोतरानं तसेच उभे. अक्काकडे बघत होते. मग म्हणाले, ‘अक्का, माझ्यापायी तुमी सोवळं मोडलासा. मी काय धरून बसू आता?’ आणि पटका काढून खुंटीला अडकवला, माझ्या खुंटीला, आणि खाली बसले.

गरम भात, वरण, तूप. अक्का वाढत होती. मी आग्रह केला नाही, तिनं केला. साकु म्हटलेलं तिनं ऐकलंच नाही. बसलिंगप्पा जेवत होते आणि डोळ्यांतनं पाणी गळत होतं. म्हणाले, ‘चटणी लई तिखट हाय, अक्का.’ चटणी वाढलीच नव्हती हो!

ते गेल्यावर अक्कानं दोन्ही ठिकाणी शेण फिरवलं, आंघोळ केली, आणि मला म्हणाली, ‘सगळा दोष त्या टेबलाचा.’ मी टेबल पालथं घालून बघितलं. खिट्टीच्या भोकात वाळलेलं शेण, दगड झालेलं! खिट्टी बसायला जागाच ठेवली नव्हती माझ्या बहिणीनं. मी तिला बोललो नाही. बोलून काय करता?

निघायच्या आदल्या दिवशी बसलिंगप्पा आले. सरळ आत आले, पाट ओढला, बसले. म्हणाले, ‘पंत, ते टेबल मला द्या. हुबळीत संध्याकाळी मी काय करू? चहा घेऊन बसीन. समोर तुमचं काहीतरी आसू दे की.’ दिलं. दाभणानं भोक कोरून साफ केलं, फळी आडवी केली आणि बघितलं. खट्! आता आलं, एवढं सगळं झाल्यावर! स्टेशनवर गाडी हलली तेव्हा सुंदरम्मा डोळे पुसत होती, बसलिंगप्पा खिडकीतून हात हलवत होते, आणि मागे बाकावर टेबल उभं. मी कट्ट्यावर जात नाही हल्ली. भोंगा झाला की घरी येतो.

आणि आता कालचं ऐका. आमच्या समोरच्या माडीवर नवीन बिऱ्हाड आलंय, पद्मशाली, नवरा मागावर जातो, बाई तेलुगू बोलते, मूल कडेवर. अक्का खिडकीतून बघते रोज. काल मला जवळ बोलावून म्हणते कशी, ‘यज्ञू, बाई एकटी असते रे दिवसभर. मीरासाबाकडे तसलं आणखी एखादं टेबल आहे का बघून ये.’ मी म्हटलं, ‘अक्का, आणतो की! पण ह्या खेपेला चांगलं चार पायांचं आणतो. मजबूत.’

तर म्हणते, ‘चार पायांचं नको रे बाबा. ते सांडत नाही.’

…चाललोय आता सदर बझारला.